सनद कोणी दाखवायची?

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. अंगठा उठवण्यापलीकडे कागदाशी तिचा संबंध आला नाही. तरीही एक कागदी शब्द तिच्या तोंडी कायम असे. तो शब्द म्हणजे ‘सनद’. मंगळवेढ्याच्या आसपासचे आमचे गाव. काळ्या रानाचा, ज्वारीचा मुलूख. दिवस मावळल्यावर ओट्यावर बसून ती सांगायची, “आपल्याकडं सनद हाय, लेकरा. बेदरच्या बादशानं दिल्याली. बावन्न हक्काची.” “कुठं हाय?” असे विचारले की ती फळीवरच्या पत्र्याच्या पेटीकडे हनुवटीने खूण करी. पेटीला कुलूप असे आणि किल्ली तिच्या कनवटीला.

ती गेल्यावर आम्ही पेटी उघडली. जुन्या पटक्याच्या फडक्यात गुंडाळलेला एकच कागद निघाला. त्यावर बादशहाचा शिक्का नव्हता. तो तहसील कचेरीचा हुकूम होता, १९६० नंतरचा. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणाऱ्या १९५८ च्या मुंबई कायद्यानुसार कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन आमच्या वतनाचा तुकडा आमच्याच पणजोबांना परत दिल्याचा. खाली अट होती : जमीन नवीन व अविभाज्य शर्तीची, सरकारच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही की वाटून घेता येणार नाही.

मी त्या वेळी इतिहास घेऊन एम. ए. करीत होतो. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. अस्सल कागद कोणता आणि दंतकथा कोणती, हे नुकतेच शिकलो होतो. मला हसू आले. आयुष्यभर म्हातारी ज्याला बादशहाची सनद समजत होती तो तहसीलदाराचा छापील नमुना निघाला! त्या हसण्याची आज मला लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच या शब्दाचा इतिहास येथे मांडतो आहे.

१

‘सनद’ हा मूळचा अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ टेकणे, रेलणे, आधार घेणे. म्हणजे सनद ही ज्यावर भार टाकून उभे राहता येते अशी वस्तू. इस्लामी विद्येत या शब्दाला एक खास अर्थ आहे. प्रेषितांचे एखादे वचन खरे की खोटे हे ठरवताना ते कोणी कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, अशी सांगणाऱ्यांची साखळी तपासली जाते. त्या साखळीला सनद म्हणतात. साखळीतील माणसे विश्वासू असतील आणि मधली कडी तुटलेली नसेल, तर वचन ग्राह्य. म्हणजे सनद या शब्दाच्या एका फार जुन्या अर्थात कागद नाही, माणसे आहेत.

हा शब्द फारसी राजव्यवहारातून दख्खनमध्ये आला. बहमनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बेदरला गेली. तेथून आणि पुढे विजापूर-अहमदनगरच्या दरबारांतून तो मराठी दप्तरांत रुजला. येथे त्याचा अर्थ पक्का झाला : राजाने दिलेला, शिक्क्याचा, अधिकाराचा पुरावा असलेला कागद. इनामाची सनद, वतनाची सनद, सरंजामाची सनद. ज्याच्याजवळ सनद तो हक्कदार. ज्याच्याजवळ नाही त्याने काय ते सिद्ध करावे.

मराठेशाहीतील अशा वतनपत्रांच्या आणि इनामपत्रांच्या शेवटी एक ठरीव कलम येते. अधिकाऱ्यांना बजावलेले असते की, दरसाल ताज्या सनदेचा उजूर करू नये. या पत्राची नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवटियासाठी धन्याकडे परत द्यावे. एकदा पुरावा पाहिला की पुन्हा पुन्हा नवा कागद मागू नये, असा त्याचा अर्थ. कागद असणाऱ्या वतनदाराची राज्याने किती काळजी घेतली होती, हे यावरून ध्यानात येते. हे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. शेवटी मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

२

आता गावगाड्यातील महाराकडे पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. गावच्या सगळ्या राबणाऱ्या यंत्रणेत महार कुठे कुठे होता हे त्यावरून दिसते. चावडीचा राबता त्याच्याकडे, वसुलाची रक्कम पोचवणे त्याच्याकडे, आल्यागेल्याची वर्दी त्याच्याकडे, वेशीची राखण त्याच्याकडे. आणि दोन गावांत शिवेचा तंटा पडला तर शीव दाखवण्याचे कामही त्याचेच. शपथ घेऊन तो शिवेवरून चालत जाई आणि तो जेथून चालला ती शीव ठरे. म्हणजे ज्याची सावली गावाला चालत नव्हती त्याची पावले गावाला पुरावा म्हणून चालत होती! पाटलाच्या आणि देशमुखाच्या जमिनीची हद्द महाराच्या साक्षीवर उभी होती. त्याच्या स्वतःच्या हक्काला मात्र कागद नव्हता. होती ती बावन्न हक्कांची कथा.

ही कथा एक नाही. आमच्या भागात निदान तीन कथा सांगतात आणि तिन्हींत पुराव्याचा प्रश्न आहे.

पहिली दामाजीपंतांची. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे लुटवली. त्यांना कैद करून बेदरला नेले जात असता विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची किंमत त्याने भरली आणि रीतसर पावती घेतली. दुसरी अमृतनाकाची. बादशहाच्या बेगमेला शत्रूच्या हातून सोडवून आणण्यासाठी तो निघाला. निघण्यापूर्वी त्याने एक बंद डबी बादशहाच्या हवाली केली. तो बेगमेला घेऊन परतला तेव्हा दरबाराने त्याच्या शीलावर संशय घेतला. डबी उघडली. तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने कापून ठेवलेले पुरुषत्व होते. त्याबद्दल त्याने स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागितले, असे सांगतात. तिसरी कथा चोखोबांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना ते कोसळून चोखोबा मजुरांसह गाडले गेले. त्यांची हाडे कोणती हे ठरवण्यासाठी नामदेवांनी एकेक हाड कानाला लावले आणि ज्यातून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ते चोखोबांचे मानले.

या कथा इतिहास आहेत असे मी म्हणत नाही. परंतु कथा ज्यांनी जपल्या त्यांचा अनुभव मात्र इतिहासच असतो. पावती, डबी आणि हाड. तिन्ही ठिकाणी पुरावा महाराने दिला आहे, किंवा देवाला तो महार होऊन द्यावा लागला आहे. बादशहाकडे कोणी पुरावा मागत नाही. बेगम हरवली कशी, दुष्काळात कोठारे बंद का, गावकूस पडले कोणाच्या चुकीने, हे कोणी विचारीत नाही. जिवंतपणी शरीर कापून आणि मेल्यावर हाडातून बोलून आपले खरेपण सिद्ध करायचे, ही ज्या समाजाची रीत होऊन बसली त्या समाजाने या कथा रचल्या आहेत.

बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या बावन्न हक्कांची दखल घेतली आहे. गावाकडून अन्न घेण्याचा, सुगीत धान्य घेण्याचा आणि मेलेल्या जनावराचा हक्क हे त्यांतील महत्त्वाचे, असे ते नोंदवतात. बेदरच्या राजांनी हे हक्क दिले या समजुतीवर त्यांचे म्हणणे असे की, हक्क त्याहून पुष्कळ प्राचीन असले पाहिजेत. राजांनी फार तर त्यांना दुजोरा दिला असेल. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. हक्क आधी आणि सनद नंतर! आपण नेमके उलटे समजत आलो. सनद आहे म्हणून हक्क आहे, असे आपल्याला शिकवले गेले.

३

परंतु या हक्कांतील ‘हक्क’ कोणता? शिळ्या भाकरीचा हक्क, मढ्यावरच्या कापडाचा हक्क, मेलेल्या ढोराचा हक्क. ज्याला सनद म्हणून छातीशी धरले ती गुलामगिरीचीही नोंद होती, हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी सर्व इनामदारांना सनदा दाखवायला सांगितले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला तो अधिकार मिळाला. ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांची इनामे गेली आणि त्या असंतोषाबद्दल आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले. १८६३ च्या कायद्यांनी अनेकांशी तडजोड होऊन त्यांना नव्या सनदा मिळाल्या. महाराच्या वाट्याला आला तो १८७४ चा वतन कायदा. या कायद्याने त्याचे वतन टिकवले, पण चाकरीसकट टिकवले. कामाला तास नव्हते, पगार ठरलेला नव्हता. हाडकी-हाडवळ्याचा पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन उरलेला तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते हाच मोबदला. पाळीचा माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला धरून नेत. चाकरी एकाची आणि बांधलेले सगळे घर.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारता’तून या वतनावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. पुढे वतनी जमिनींवर जादा जुडी बसली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. ज्या कागदाला समाज अभिमानाने सनद म्हणत होता तो फाडल्यावाचून सुटका नाही, हे समाजाला पटवणे सोपे नव्हते. वतन सोडा म्हणताच आपल्यातलीच म्हातारी माणसे बिथरत. माझी आजी त्यांच्यातलीच. तिला मी दोष देत नाही. सगळ्या गावात जिच्या नावे दुसरे काही नाही, तिला नावापुरता का होईना एक टेकू लागतोच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महारवतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या होत्या. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. कायद्याची पदवी नसलेल्या काही अस्पृश्य तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. शब्द तोच, पण अर्थ फिरला. वतनाची सनद माणसाला गावाशी आणि जन्माशी बांधून टाकीत होती. वकिलीच्या सनदेने माणूस न्यायाधीशापुढे उभा राहून दुसऱ्याच्या वतीने बोलू शकत होता. १९२३ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या हायकोर्टाची सनद घेतली. विलायतेहून पदव्या घेऊन आलेल्या या माणसाजवळ सनदेची फी भरायला पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. बेदरच्या कथेतील सनदेसाठी शरीराचा तुकडा द्यावा लागला होता. या सनदेसाठी अभ्यास आणि एका मित्राची उसनवारी पुरली. आपल्या इतिहासातील हा पालट साधा नाही.

४

त्या सनदेचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो महाडच्या दाव्यात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी आपण घेतले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली हेही ठाऊक आहे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेल्या दाव्याकडे आपले लक्ष कमी जाते. मला वाटते, या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने तो दावाच अधिक बोलका आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथून वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत तळे खुले असल्याचा ठराव केला होता. तरी मनाईहुकूम मिळाला तो आपल्याविरुद्ध, आणि डिसेंबरचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाचा, १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलाचा आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. तिन्ही ठिकाणी वादी हरले.

हायकोर्टाने काय म्हटले? तळे नगरपालिकेचे आहे, खासगी नाही. आणि वहिवाटीचे म्हणाल तर ती अनादी काळापासून चालत आली आहे हे दाखवण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यांवर आहे, आणि त्यांनी ते सिद्ध केलेले नाही.

या वाक्याची किंमत नीट समजून घेतली पाहिजे. हजार वर्षे ‘हे असेच चालत आले आहे’ एवढे म्हटले की वाद संपत होता. ‘चालत आले आहे’ हीच त्यांची सनद होती आणि ती कोणी पाहायला मागितली नव्हती. महाडच्या दाव्यात ती प्रथमच मागितली गेली. पाणी पिणाऱ्याने ‘मी का प्यालो’ हे सिद्ध करायचे नाही. पाणी नाकारणाऱ्याने ‘मी का नाकारतो’ याचा पुरावा आणायचा. पुराव्याचे ओझे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेले. वादींनी साक्षीदार आणले, जुने कागद आणले. पण सगळ्या शास्त्रांचे पाठबळ असलेल्या त्या रूढीला न्यायालयात उभे राहता येईल असा टेकू सापडला नाही.

सनद वरून खाली येते. राजा देतो, रयत घेते. आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. संविधान त्या अर्थाने सनद नाही, ते आपण लोकांनी आपल्यालाच दिले आहे. म्हणून त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली तेव्हा आपल्याला कोणी बावन्न अधिक त्रेपन्नावा हक्क बहाल केला नाही. जो मुळातच आपला होता त्याच्या आड येणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. बेदरच्या हक्कांबद्दल बाबासाहेबांनी जे म्हटले तेच येथे लागू आहे. हक्क आधीचा आहे.

५

येथे लेख संपवता आला असता तर मला आनंद झाला असता. पण मी रोज वर्गावर जातो, आणि वर्गात मला दिसते ते वेगळे आहे.

बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला, खऱ्यांच्या जागा खोट्यांनी लाटल्या, हे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची रीत घालून दिली आणि महाराष्ट्राने २००० चा जातप्रमाणपत्राचा कायदा केला. तो हवाच होता. आपल्या संघटनांनीही बोगसांविरुद्ध लढे दिले आहेत. पण या कायद्याचे आठवे कलम सांगते की, अर्जदार त्या जातीचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातींसाठी पुरावा लागतो तो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्यांना शाळेत बसू दिले नाही त्यांच्या नातवंडांनी आजोबांचा शाळेचा दाखला आणावा, असा याचा व्यवहारातला अर्थ होतो. भटक्यांचे तर विचारूच नका. ज्यांना गावच नव्हते त्यांनी कोणत्या गावचा कागद आणायचा? गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारांआड कोंडले, त्यांच्या हाती पुरावा असलाच तर तो हजेरीच्या वहीतला असणार! तो कायदा १९५२ मध्ये गेला. कोंडवाड्याची वही मात्र आज सनद म्हणून शोधावी लागते.

माझेच सांगतो. राखीव जागेवर माझी नेमणूक झाली आणि पडताळणीची वेळ आली. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिलेले. आजोबांनी शाळा पाहिलेली नाही. आजीच्या पेटीतला हुकूम मी मोठ्या आशेने घेऊन गेलो. महारवतनाचा कागद, यापेक्षा आणखी काय पाहिजे? खिडकीतल्या माणसाने तारीख पाहिली आणि कागद परत सरकवला. “हा पन्नासच्या नंतरचा आहे, सर. आधीचा आणा.”

आधीचा! मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात खेपा घातल्या. मोडी वाचणारा माणूस मिळेना, तेव्हा मोडी शिकलो. इतिहासाच्या प्राध्यापकाला मोडी येत नव्हती हेही येथे कबूल केले पाहिजे. शेवटी गाव नमुना चौदाच्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत सापडली एक ओळ. १९३८ साल. माझ्या पणजोबांना मुलगा झाल्याची नोंद. पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि जातीच्या रकान्यात ‘महार’. गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी चावडीवर देणे हे महाराच्याच कामांपैकी एक. सगळ्या गावाच्या जगण्यामरण्याची बातमी आपण पोचवली, कुलकर्ण्यांनी ती लिहिली, आणि त्या वहीत जाता जाता आपलीही एक ओळ राहून गेली. तीच माझी सनद ठरली.

त्या ओळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो होतो, सांगता येणार नाही. आनंद झाला हे खरे. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या नावातून माझे आजोबा बाहेर पडले त्याच नावाचा पुरावा सापडला म्हणून त्यांचा नातू आनंदला होता. बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न केंद्राने १९९० मध्ये सोडवला, हे मला माहीत आहे. कायद्याची अडचण नाही. अडचण ही आहे की, माणूस म्हणून पुढे जायचे तर आधी मागे जाऊन, त्यांनी आपल्याला काय म्हटले होते ते शोधून आणावे लागते. आणि गंमत पाहा, ज्यांच्या आजोबांनी ते नाव लादले त्यांच्याकडे आजही कोणी कसला पुरावा मागत नाही.

२०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावापासून ‘आधार’ सुरू झाले. सनद या शब्दाचा मूळ अर्थ आधार असाच आहे, हे ते नाव ठेवणाऱ्यांना माहीत होते की नाही कोण जाणे! पण त्या आधाराबद्दलही कायदा सांगतो की, तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. टेकू बदलत जातात. उभे राहणाऱ्याला मात्र दर वेळी नवा टेकू शोधायचा असतो.

६

आता माझ्या हसण्याकडे येतो. आजीला बावन्न हक्कांची गोष्ट तिच्या सासऱ्याने सांगितली होती. त्याला त्याच्या चुलत्याने, चुलत्याला त्याच्या बापाने. ही साखळी ती गोष्ट सांगण्याआधी दर वेळी नावानिशी म्हणून दाखवी. ‘थोरल्या मामंजीनं सांगितलं, त्यांना तात्यानं सांगितलं…’ मला ते लहानपणी कंटाळवाणे वाटे. अरबीतल्या त्या जुन्या अर्थाने पाहिले तर ती साखळी म्हणजेच सनद! पेटीत कागद कोणता आहे याला मग फारसे महत्त्व उरत नाही. कागद सरकारचा होता, पण ‘हक्क आपला आहे’ हे सांगणारी माणसांची साखळी आमची होती आणि ती तुटली नव्हती. मी एम. ए. होऊन ती तोडायला निघालो होतो.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्या तोंडची नावे लिहून घ्या. कोणाचा कोण, कोणत्या गावचा, कोणती चाकरी, कोणते रान. मोडी शिका. तालुक्याच्या कचेऱ्यांत कसर लागलेल्या वह्यांत आपल्या ओळी पडलेल्या आहेत, त्या आपल्यावाचून कोणी वाचणार नाही. आणि पोरांना पडताळणीच्या खिडकीशी एकटे पाठवू नका. आपल्यापैकी कोणीतरी बरोबर उभे राहा. हे दानधर्माचे काम नाही. आपल्या इतिहासाचे संशोधन याच कामातून होणार आहे.

कार्यकर्त्यांना मात्र एक जादा गोष्ट सांगायची आहे. पुरावा शोधण्यात आपली सगळी हयात जाऊ नये. महाडच्या दाव्याने पुराव्याचे ओझे ज्याच्या डोक्यावर टाकले होते, ते तेथून गुपचूप उतरवून पुन्हा आपल्या डोक्यावर आले आहे. बोगसाला पकडण्यासाठी खऱ्याला दारोदार फिरवणे हा न्याय नव्हे. १९५० पूर्वीची जन्ममृत्यूची दप्तरे, शाळांची जनरल रजिस्टरे, वतनांच्या नोंदी हे सगळे सरकारच्याच ताब्यात आहे. कागद ज्याच्या कपाटात त्यानेच तो काढून दाखवावा, ही मागणी आपण का करू नये?

आणि निदान त्या जुन्या कलमाइतके तरी सौजन्य दाखवा. एका भावाची पडताळणी झाली, तरी धाकट्या बहिणीला पुन्हा पणजोबांपासून सुरुवात करावी लागल्याचे मी पाहिले आहे. मराठेशाहीतल्या कारकुनाला वतनदाराच्या बाबतीत जे कळत होते ते लोकशाहीतल्या कचेरीला आमच्या बाबतीत कळायला हरकत नाही. नक्कल लिहून घ्यावी. अस्सल परत द्यावे. ताज्या सनदेचा उजूर करू नये.